मोहरीच्या रंगाच्या फांद्या

"हात मागं!" वर्गात पाऊल टाकताच बाई म्हणायच्या, आणि मुलंमुली हसत हसत हात पाठीमागे बांधायची. मग टेबलावर समुद्री जिवांच्या बाटल्या मांडल्या जायच्या. "आधी डोळ्यांनी बघायचं. हात लावायची लई घाई असती आपल्याला."

आळेफाट्याजवळच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. आंबेगावच्या पश्चिमेकडचं, भातखाचरांचं गाव त्यांचं. पण ऐन उमेदीची वर्षं त्यांनी अंदमानात, पाण्याखालच्या प्रवाळांची पाहणी करण्यात घालवली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा परत आल्या. "भात लावायला वाकायचं, प्रवाळ बघायलाही वाकायचं," म्हणायच्या. "मला दुसरं काय येतंय, ताई?"

एका वर्षी त्यांनी मुलींची सहल अंदमानला न्यायची ठरवली. त्याआधी राजुरीतल्या एका विहिरीत कमरेला दोर बांधून सगळ्यांना पोहायला शिकवलं. काठावर उभे राहिलेले बाप धास्तावलेले आणि बाई पाण्यातून ओरडताहेत, "भाऊ, तुमी जरा घरी जा बरं!"

सोबत मीही गेले. मुखवटा लावून पाण्यात डोकं घातलं आणि मला शब्दच सुचेनात. मराठीच्या शिक्षिकेचं हे असं! खाली मोहरीच्या रंगाच्या फांद्या पसरल्या होत्या, टोकं पांढरी. देखणं प्रकरण. ते अग्निप्रवाळ. "नाव प्रवाळाचं, पण सोयरीक जेलीफिशशी," बाईंनी आधीच बजावलं होतं. "आपल्या रानातली खाजकुइली परवडली."

अचानक मोठी लाट आली. पिंपरी पेंढारची एक मुलगी सरळ त्या फांद्यांवर ढकलली गेली. बाई जवळच होत्या. त्या वळसा घालून मधे शिरल्या. मुलगी त्यांच्या छातीवर आदळली आणि त्यांचा उघडा हात फांद्यांवर.

होडीत आलो तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत लाल वळ उठले होते. मी घाईघाईने पिण्याच्या पाण्याची बाटली उघडली.

"गोडं पाणी नको, ताई! आणखी आग व्हईल. समुद्राचंच घाला. माझ्या पिशवीत व्हिनेगर हाय, ते मग."

मी ओतत राहिले. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. मुलगी हुंदके देत होती, "मॅडम, माझ्यामुळं झालं."

"तुझ्यामुळं नाय गं, लाटेमुळं. आणि त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? ते आपल्या घरात व्हतं. पावणं आपण."

दुसऱ्या दिवशी मुलगी किनाऱ्यावरच बसून राहिली. बाई लांब बाह्यांचा पोशाख घालून तिच्याशेजारी जाऊन बसल्या. हात सुजलेला होता. पाण्यात उतरू नका, असं मी म्हणत होते. "आज ही भ्याली, तर घरी जाऊन भीतीच सांगंल," त्या मला हळूच म्हणाल्या. "मग पुढच्या पोरींना कोण पाठवंल?"

दोघी हातात हात घालून पाण्यात उतरल्या. बराच वेळ दोन पाठी लाटांवर शेजारीशेजारी दिसत होत्या. वर आली ती मुलगी ओरडतच. "मॅडम, त्याच्या फांद्यांत बारके मासे लपलेत!"

"मग! त्यांना तेच कुंपण."

"टोकं पांढरी का हायेत?"

"टोकं पांढरी असतातच. समुद्र लई तापला की अख्खं पांढरं पडतं. तसं दिसलं तर मात्र वाईट." एवढं बोलून बाई मुखवट्याची काच पुसायला लागल्या. त्यांनी ते पाहिलं असणार.

अशी माणसं तुमच्याही गावात असतील. गाव मोठं करतात आणि गावात मावत नाहीत. बाईंची आई गेली, आणि वर्षश्राद्ध उरकून त्यांनी नोकरी सोडली. अंदमानात पुन्हा पाहणीचं काम मिळालं होतं.

मी फाट्यावर सोडायला गेले. पिशवीतून त्यांचे पोहण्याचे रबरी पंखे बाहेर डोकावत होते. शेजारी बसलेल्या आजोबांना राहवेना.

"बाई, हे कशाचं यंत्र म्हणायचं?"

"पायात घालायचं, बाबा. घालून बघा."

आजोबांनी वहाण काढली आणि पंखा घालून फटक-फटक चार पावलं टाकली. सगळा स्टँड हसला. तेवढ्यात बस आली. बाईंनी पंखा काढून घेतला, पदराने धूळ पुसली आणि चढल्या.

बस वळली तरी आजोबा तसेच उभे.

"कुठं निघाली म्हणायची?"

"अंदमानला. समुद्राखाली."

"एकटीच?"

"एकटीच."

"भारी हाय," ते म्हणाले, आणि एका पायात वहाण, एक पाय अनवाणी, असे रस्त्याकडे बघत राहिले.