मेहुण्याच्या दाराची चौकट

लाकडातलं मला काही कळत नव्हतं, म्हणूनच मी लाकडाची वखार काढली. एकाहत्तरची लढाई करून, सुभेदार म्हणून निवृत्त होऊन नाशकात परतलो. फौजेत मी पूल बांधायचो आणि लाकूड दुसरं कोणीतरी आणून द्यायचं. म्हटलं, आता ते कोणीतरी आपणच व्हावं!

वखारीत आधी शिस्त आणली. बाकीचे वखारवाले सागवान एकीकडे, सावर एकीकडे असे ढीग लावतात. हा काय प्रकार! फौजेत जातपात नसते. मी सगळी लाकडं उंचीप्रमाणे रांगेत उभी केली आणि पावसापासून बचाव म्हणून सरसकट फौजी हिरवा रंग फासला.

"अहो, आता सागवान कुठलं ते ओळखायचं कसं? निदान खडूने खुणा तरी करा," आमची सौ. म्हणाली.

"जवानाच्या कपाळावर खूण करतात का?" मी गरजलो. (घरात मी गरजतो तो हमखास चुकीच्या बाजूने.)

तेवढ्यात मेहुण्याने गंगापूर रोडला बंगला बांधायला काढला. हिने माहेरी छातीठोक सांगून टाकलं, "दाराची चौकट आमच्या वखारीची. अस्सल सागवान!" झालं! हिचं माहेरचं नाक आता माझ्या हातात. चौकट मी स्वतः केली. पूल बांधणाऱ्याला चौकट ती काय! करवत अशी सरसर चालली की मला माझ्याच हाताचं कौतुक वाटलं. आतून लाकूड पांढरंफटक निघालं, तेव्हा वाटलं, किती स्वच्छ सागवान! वरून पुन्हा हिरवा हात मारला.

मुहूर्ताला सगळं गणगोत हजर. गुरुजी, हळदकुंकू, आंब्याचं तोरण, नारळ. चौकट उचलायला चार गडी सांगितलेले. ते तंबाखू मळत येईपर्यंत सासूबाईंनी कुंकू लावायला म्हणून चौकट एका हाताने उभी केली!

"जावईबापू, हलकी लागते हो!"

"मुरलेलं सागवान आहे, आई. वाळून हलकं होतं," मी ठोकून दिलं.

मेहुण्याने तोरणासाठी खिळा ठोकला. ठोकला कसला, टेकवला! खिळा आत गेला तो दिसेनासाच झाला.

"दाजी," तो शांतपणे म्हणाला, "ही सावर आहे. हिच्या काडेपेटीतल्या काड्या करतात."

हिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ह्या घराला आमच्याच वखारीतल्या सागवानाची चौकट लागेपर्यंत मी माहेरची पायरी चढणार नाही," एवढं आईला सांगून ती रिक्षात जाऊन बसली. मला फार वाईट वाटलं. माझ्याबद्दल फुशारकी मारणारं जगात एकच माणूस होतं, तेही मी घालवलं.

वखारीत रंग खरवडून पाहिलं, तर उरलेली सगळी सावरच. मग सागवान गेलं कुठे? त्या आठवड्यात दुसरं गिऱ्हाईक एकच, सिन्नरकडचे रामभाऊ. त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्यासाठी स्वस्तातली सावर नेली होती! पहिली एसटी धरली.

"या सुभेदार! लय झाक लाकूड दिलं. उचलाया चौघं लागले! आता कोल्हं सोडा, वाघ नाय घुसायचा."

बघतो तर काय, कोंबड्या अस्सल सागवानात नांदत होत्या. मी सगळं खरं सांगितलं. माणूस सरळ.

"न्या की. आपल्याला सावर बी चालंल. पर आत्ता नाय. आत खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलीय. खुराडं हललं की ती उठंल, अन् ती उठली की अंडी वाया."

"मग कधी उठणार?"

"पिल्लं निघाल्यावर!"

तिकडे गंगापूर रोडला काम बंद, घरी हिचा अबोला, आणि मी सिन्नरच्या एसटीत. जाऊन कोंबडीची विचारपूस करायची आणि परत यायचं. कंडक्टर तिकीट फाडताना विचारायचा, "काय साहेब, झाली का बाळंत?"

अखेर पिल्लं निघाली, सागवान सुटलं, चौकट बसली आणि ही माहेरची पायरी चढली. तिथे ती आता पुन्हा माझ्याबद्दल भरभरून बोलते. "एकाहत्तरात ह्यांच्यापुढे शत्रूच्या अख्ख्या फौजेनं पंधरवड्याच्या आत हत्यारं टाकली," असं अभिमानाने सांगते, आणि वर म्हणते, "कोंबडीनं मात्र ह्यांना तीन आठवडे पुढे सरकू दिलं नाही!"