छातीवरचा झटका आणि भाऊकाकांचा नारळ

मला छातीवर विजेचा झटका द्यायचा असं ठरलं, तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न आला तो असा: "चाळीत काय सांगायचं?"

पोरगी घाबरलीय का, तिला दुखेल का, असले फालतू प्रश्न नंतर! मी एकोणीस वर्षांची, कांदिवलीच्या आमच्या क्लबात खो-खो खेळणारी. पळतीला उतरले की भल्याभल्यांना दमवायची. एका संध्याकाळी सराव संपवून खाली बसले आणि छाती धडधडायची थांबेचना. जेवताना धडधड, दात घासताना धडधड. गोळ्या झाल्या, डॉक्टरांनी मान चोळून पाहिली, बर्फाच्या पाण्यात तोंडसुद्धा बुडवायला लावलं. उपयोग शून्य. शेवटी बोरिवलीच्या एका नर्सिंग होममधल्या हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "ठोक्यांची लय बिघडलीय. गुरुवारी भूल देऊन छातीवर छोटासा झटका देऊ. येईल ताळ्यावर."

"आणि खेळायचं कधी?"

"सगळं ठीक असेल तर आठवडाभराने."

झकास! त्यानंतरच्या रविवारीच उपनगरच्या संघाची निवड होती आणि तिच्यासाठी मी दोन वर्षं घाम गाळत होते. पण भूल देणारे डॉक्टर तिथे फक्त गुरुवारी यायचे. हा गुरुवार हुकला की निवड हुकली. हे मी घरात सगळ्यांना समोर बसवून समजावलं होतं. (त्याचा काय उपयोग झाला ते आता कळेलच.)

बाबांनी दार लावून घेतलं. "हृदयाचं कुणाला बोलायचं नाही. उद्या स्थळं बघायला लागलो म्हणजे?"

"बाबा, मला मैदानात जायचंय, बोहल्यावर नाही!"

"गप गं. कावीळ सांगू. कावीळ झालेल्या पोरींची लग्नं होतात."

आणि मला कावीळ झाली! लोक आमच्याकडचा चहा पिईनासे झाले. शेजारच्या तावडेकाकू मात्र जिवाच्या आकांताने धावल्या आणि काविळीची माळ घेऊन आल्या. ही माळ डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तशी ती आपोआप लांबत खाली येते म्हणे. आता मला कावीळच नव्हती, तर माळेने गप्प बसावं की नाही? पण नाही! दोन दिवसांत ती गळ्यात आणि तिसऱ्या दिवशी पोटावर!

"बघ, उतरली!" तावडेकाकू आनंदाने ओरडल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. "उतरली, तर मग अॅडमिट कशाला करताय गं हिला?"

आईने पदराने तोंड पुसलं आणि दूध उतू जातंय असं सांगून ती आत पळाली. (दूध सकाळीच संपलं होतं.)

बुधवारी मी नर्सिंग होमच्या सहा खाटांच्या वॉर्डात दाखल झाले. सिस्टरनी आईला बजावलं, "रात के बाद कुछ नहीं देने का. पानी भी नहीं. बेहोशी में उलटी हुई तो सीधा फेफड़े में जाएगी." आईने शहाण्या मुलीसारखी मान हलवली. मला त्याच मानेचा आजही राग येतो.

कारण दुपारीच तिने वाण्याच्या फोनवरून भाऊकाकांना सगळं सांगून टाकलं होतं. भाऊकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. राहायला घाटकोपरला, आणि गिरणी बंद पडल्यापासून आमच्या गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. "ते घरचेच ना?" आई नंतर म्हणाली. "घरच्याला सांगितलं तर ते काय सांगणं होतं?"

आता आमच्याकडे, म्हणजे तळकोकणात, देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय स्कूटरसुद्धा चालू करत नाहीत. एकाने नारळ हातात धरून मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकट्याने घातलेलं गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही. म्हणून गुरुवारी सकाळी भाऊकाका आले ते मंडळाचे आठ गडी घेऊन! त्यांच्या मागे तावडेकाकू. त्यांना कुणीच बोलावलं नव्हतं. न उतरलेली कावीळ बघायला त्या आपल्या आपण आल्या होत्या.

मी म्हटलं, "काका, हे हॉस्पिटल आहे हो!"

"मगे? हंय देव येना नाय काय?" भाऊकाकांनी चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभं राहून असा आवाज लावला की शेजारची म्हातारी ताडकन उठून बसली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या लेकराक डॉक्टर झटको देतत, तो सुखरूप पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या काळजाचो ठोको चुकलो हा, तो जाग्यार येवंदे रे म्हाराजा!"

बाबांनी मागून त्यांचा सदरा ओढला. "भाऊ, काळजाचं नको. कावीळ, कावीळ म्हण!"

भाऊकाका गर्रकन वळले. "देवाक खोटा सांगू? आणि तो कावीळ बरी करून गेलो म्हणजे?" (मुद्दा बरोबर होता, हे मला आजही मान्य आहे.) मग ते आणखी वरच्या पट्टीत गेले. "लोकांका कावीळ सांगलेली हा, पण ती कावीळ न्हय रे म्हाराजा!"

"व्हय म्हारा... काय?" तावडेकाकू मध्येच थांबल्या.

"आणि ह्या वर्साक तेचा लगीन जुळवन दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी अख्खा वॉर्ड गरजला. शेजारच्या म्हातारीने तर हातही जोडले. म्हणजे माझी छाती इथे गाडीच्या इंजिनासारखी धडधडतेय आणि सहा खाटांचं बहुमत माझं लग्न लावून मोकळं!

भाऊकाकांनी नारळ खाटेच्या लोखंडी पायावर आपटला. पाणी माझ्या तोंडावर उडालं. मी ते पुसतेय तोवर गुळाचा खडा लावलेला खोबऱ्याचा तुकडा माझ्या ओठांपाशी आला होता.

"मला काही खायचं नाहीये!"

"गो, परसाद म्हणजे काय खाणा? परसाद तो परसाद!"

"आई, तू तरी सांग ना!"

आईचे डोळे भरून आले होते. "आजच्या दिवशी प्रसादाला नाही म्हणू नये गं सुले. एवढासा तुकडा. माझ्यासाठी."

आता सांगा, कोणी काय करावं? मी चिडून "अगं पण..." म्हणायला तोंड उघडलं आणि भाऊकाकांनी डाव साधला. माझ्या अख्ख्या कारकिर्दीत मला इतक्या सफाईने कुणी बाद केलं नव्हतं.

नेमके तेव्हाच भूल देणारे डॉक्टर आत आले. मागे सिस्टर.

"पेशंटने काही खाल्लंय?"

"नाही!" बारा जण एका सुरात म्हणाले. तेरावी मी, खोबरं चावत होते.

"मग तोंडात काय आहे?"

"प्रसाद," आई म्हणाली. अगदी साधेपणाने.

डॉक्टरांनी हातातलं पेन खिशात ठेवलं. "पुढच्या गुरुवारी."

माझा जो काही भडका उडाला! मी खाटेवर उभी राहिले. हॉस्पिटलच्या त्या पाठीमागून उघड्या झग्याची शुद्धही मला नव्हती. "पुढच्या गुरुवारी नाही! आज! दोन वर्षं मी पहाटे उठून धावतेय! यांचा देव, यांचं खोबरं, यांची कावीळ, आणि निवड माझी जाणार? मी संध्याकाळपर्यंत थुंकीसुद्धा गिळणार नाही, पण तुम्ही परत यायचं!"

भाऊकाकांनी टोपी काढून हातात घेतली. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "संध्याकाळी घरी जाताना येतो," ते म्हणाले. "पण तोपर्यंत नातेवाईक एकही आत दिसता कामा नये."

"एकही नको!" मी म्हटलं. "मला कुणीच नकोय!"

सिस्टरनी सगळ्यांना बाहेर काढलं. मी विजयी मुद्रेने आडवी झाले, ती साधारण दुपारपर्यंत. मग यंत्राची पेटी ढकलत आणून माझ्या शेजारी ठेवली गेली आणि माझी विजयी मुद्रा उतरली. मी घाबरले. सरळ सांगते, चांगलीच घाबरले. झटका दिला आणि हृदय थांबलंच तर? सगळ्यांना हाकलून दिलेलं, शेवटचं बोलणं काय, तर खोबऱ्यावरून भांडण!

"सिस्टर," मी हळूच विचारलं, "बाहर कोई है क्या?"

"पूरी बारात सीढ़ी पे बैठी है," सिस्टर म्हणाल्या. "सुबह से किसी ने चाय भी नहीं पी. बोलते हैं, लड़की भूखी है."

मला रडू फुटलं. आणि रडू फुटलं म्हणून पुन्हा राग आला.

जागी झाले तेव्हा छाती शांत होती. इतकी शांत, की चालू आहे ना म्हणून मी हात लावून पाहिला. आई पायाशी बसून माझी पावलं चोळत होती. श्रेय अर्थातच भाऊकाकांच्या नारळाला गेलं! डॉक्टरांनी फक्त बटण दाबलं, असा मंडळात ठराव झाल्यासारखंच सगळे बोलत होते.

आठवड्याने डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली आणि रविवारी मी निवडीला उतरले. मैदानावर कुणीही यायचं नाही, असं घरी निक्षून बजावलं होतं. पळती झकास चालली होती. दोघींना हुलकावणी दिली, खुंटाला वळसा घातला, निवड समितीतल्या बाई मान डोलवायला लागल्या. आणि कडेच्या गर्दीतून आईचा आवाज आला:

"सुले, हळू धाव गं! आत्ताच झटका दिलाय तुला!"

निवड समितीच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. माझं डोकं असं सणकलं! मी जागच्या जागी थांबले, कमरेवर हात ठेवले, गर्दीकडे वळले आणि ओरडले, "आई, तुला येऊ नको म्हटलं होतं ना!"

पाठीवर थाप पडली. बाद!

मी तणतणत बाहेर आले. आईने वाट लावली, घरच्यांनी वाट लावली, असं आम्हाला शिकवणाऱ्या क्लबच्या सरांना मोठमोठ्याने ऐकवत राहिले. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सुलभा, थांबलीस तू, आई नाही. डॉक्टरांनी झटका फक्त छातीलाच दिला का गं?"