खुर्चीवर बसवलेला मालक

फरीदाबादला रबराचे वॉशर बनवायची शेड टाकायची म्हटल्यावर बँकेतल्या साहेबांनी मला लोणच्याच्या उद्योगाचा फॉर्म दिला. मशीनचा डिप्लोमा केलाय, हे मी दोनदा सांगितलं. "मॅडम, अचार का सोच लीजिए," ते पुन्हा म्हणाले. दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या मराठी मैत्रिणींचंही तेच. म्हणे, तू पुरणपोळ्या कर, आम्ही हातोहात खपवू. बाजार खुला झाला असं तेव्हा जो तो सांगायचा. आम्हा बायकांसाठी फक्त बरणीचं झाकण उघडलं होतं. शेवटी पाटल्या मोडून मी रबर साच्यात दाबायचा जुना प्रेस घेतला आणि दोन कारागीर ठेवले.

वर्षभराने ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचे खरेदी अधिकारी शेड बघायला येणार होते. ती ऑर्डर मिळाली तर शेड तगणार, नाहीतर कुलूप. आणि नेमकी तिथे मी माती खाल्ली. बाई बघून माणूस दारातूनच परतेल या धास्तीने मी नवऱ्याला रजा घ्यायला लावली आणि माझ्या खुर्चीवर बसवलं.

"अगं, मला रबरातलं काय कळतं?" तो म्हणाला.

"काही बोलू नका. नुसतं बसा."

तो बसला. प्रश्न त्याला विचारले जात होते आणि चहाचे कप मांडता मांडता उत्तरं मी देत होते. रबर किती कडक, साच्यात किती वेळ, सगळं. अधिकाऱ्यांनी मान डोलावली, चहाचं कौतुक केलं आणि वहीत नवऱ्याचं नाव लिहून घेतलं. ऑर्डर मिळाली. मी मूर्खासारखी पेढे वाटत सुटले.

त्यानंतर कारखान्यातून घरी फोन यायचा तो 'साहेबां'साठी. नवरा रिसीव्हर कानाला लावून माझ्याकडे बघायचा, मी हळूच सांगायचे, तो हिंदीत पुढे ढकलायचा. अशी दोन वर्षं गेली. माझा जीव नुसता जळायचा, पण काम चालू होतं म्हणून गप्प राहिले.

मग एकदा नवरा गावी गेलेला असताना त्याच अधिकाऱ्यांचा फोन आला. वॉशर तडकत होते, त्यांचं काम अडलं होतं. नवा माल जास्त भाजला गेला असणार, हे मला ऐकताक्षणीच कळलं. म्हटलं, मी सांगते काय झालंय ते, संध्याकाळपर्यंत माल बदलूनही देते.

"नहीं भाभीजी, आप रहने दीजिए. भाईसाहब आएँगे तब बात करेंगे."

शेड माझी आहे, रबर मी शिजवते, असं मी तीन-तीनदा सांगितलं. ते समजुतीने हसले आणि फोन ठेवला. नवरा परत येईपर्यंत ऑर्डर दुसऱ्याकडे गेली होती.

त्या माणसावर मी आजही चिडते. पण त्याने पाहिलं तेच तो खरं धरून चालला, आणि ते त्याला मीच दाखवलं होतं, हातात चहाचा ट्रे घेऊन.