डबीचं बारसं

खाडीकाठी काल्हेर गाव होतं. तिथं पार्वती नावाची एक म्हातारी राहायची. तिला हरेश नावाचा मुलगा, जयश्री नावाची सून. म्हातारी म्हणजे मीच. भाताच्या खाचरावर आम्ही एक नवंकोरं गोदाम बांधलं होतं आणि त्यात आठ महिने फक्त चिमण्या नांदत होत्या. शेवटी एक भाडेकरू दारात आला, आणि त्या दिवशी माझ्यामुळे काय झालं, ते आता कोणत्या तोंडाने सांगू? पण सांगते. तुमचा चहा संपायच्या आत आटपेल.

मोबाइलला बटणं होती तेव्हाची गोष्ट. गोदाम बघायला येणाऱ्या कंपन्यांना तेव्हा नवीनच खूळ लागलं होतं, बिनवायरीचं इंटरनेट पाहिजे. हरेशने भिवंडीच्या निजामपुऱ्यातून इंटरनेट बसवणाऱ्या इम्रानला बोलावलं. दोन लेकरांचा बाप, कामाला चोख. त्याने गोदामाच्या ऑफिसात एक पांढरी डबी भिंतीला लावली. तिला दोन शिंगं, पोटावर हिरवे दिवे. मग लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याने हरेशला विचारलं, "भाई, नाव काय ठेवायचं हिचं?"

आता तुम्हीच सांगा, घरात नाव ठेवायचं निघालं तर म्हातारीने गप्प बसायचं? आमच्याकडे टेम्पोला नाव आहे, बोअरिंगच्या पंपाला नाव आहे. बाळाचं नाव आत्या ठेवते. या डबीला कुठली आली आत्या? झाले मीच पुढे. जयश्रीला हळदकुंकू आणि पेढे आणायला पिटाळलं आणि इम्रानला म्हटलं, "लिही, श्री गावदेवी माऊली प्रसन्न. मराठीत लिही."

"आजी, छोटा नाम रखो ना. इंग्लिशमध्ये चार अक्षरं, बस."

"तुझ्या पोराचं नाव अर्धंच ठेवलंस काय रे?"

बिचाऱ्याने सगळं लिहिलं. मला अक्षर वाचता येत नाही, म्हणून त्याला एकेका शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लावलं, पार प्रसन्नपर्यंत. मग डबीच्या शिंगाशी तोंड नेऊन तिच्या कानात नाव तीनदा सांगितलं. एवढं होईपर्यंत हरेश बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला होता. इम्रानच्या लॅपटॉपवर इंटरनेट व्यवस्थित चाललं. पेढा खाऊन तो गेला.

चार दिवसांनी साबणाच्या कंपनीचे साहेब आले, सोबत कॉम्प्युटर बघणाऱ्या मॅडम. गोदाम त्यांना पसंत होतं. अट एकच. माल मोजायचा त्यांचा एक प्रोग्राम होता, तो इथे दिवसभर नीट चालला पाहिजे. नाही चालला तर रस्त्यापलीकडचं गोदाम त्यांनी बघून ठेवलेलंच होतं.

मॅडमनी प्रोग्राम उघडला. उघडला तसा मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. दुसरा लॅपटॉप काढला, त्याचीही तीच गत. त्या बाहेर रस्त्यावर गेल्या तर झकास चालू. आत आल्या की बंद.

हरेश वायरी हलवून बघायला लागला. मला मात्र कारण लगेच कळलं. देवीच्या नावाची जागा आणि ही माणसं बूट घालून आत. मी साहेबांना तसं सांगितलं. माणूस सभ्य, त्यांनी बूट काढले. मॅडमनी चपला काढल्या. प्रोग्राम मिटला. मग मी उंबऱ्यावर नारळ फोडला. खोबरं वाटलं. प्रोग्राम मिटला.

हरेश दात आवळून म्हणाला, "आये, तू आता घरी जा."

मी कुठली जाते? मला वाटलं, डबी लांब पडतेय, तिची शक्ती पोचत नाय. मी ती खिळ्यावरून उतरवली, वायरीसकट आणली आणि थेट मॅडमच्या लॅपटॉपला टेकवून ठेवली. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

शेवटी साहेब खाली वाकून बूट घालायला लागले. म्हणाले, या पत्र्याच्या शेडमध्येच काहीतरी दोष दिसतोय, आम्ही समोरचं घेतो. जयश्रीने माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. त्या नजरेपेक्षा तिने चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात लाइट गेली. भिवंडीत लाइट जायला मुहूर्त लागत नाही. पंखा थांबला, अंधार झाला, आणि त्या अंधारात मॅडमचा प्रोग्राम उजळून उभा. बॅटरीवर चाललेला. एक मिनिट, दोन मिनिटं, मिटेचना.

मॅडम म्हणाल्या, "लाइटबरोबर इथलं काय काय बंद झालं?"

"पंखा, ट्यूब," हरेश म्हणाला. "आणि ही डबी."

साहेबांचा एक बूट पायात, एक हातात. तसेच तासभर बसले. लाइट आली, डबीचे दिवे लागले आणि प्रोग्राम मिटला. मॅडमनी लॅपटॉपमध्ये शोधून डबीचं नाव वाचलं आणि मला शेजारी बसवून समजावलं. डबीत नावासाठी बत्तीसच जागा. इंग्रजी अक्षर एका जागेत बसतं, मराठीचा प्रत्येक तुकडा, मग ते अक्षर असो की वेलांटी, तीन-तीन जागा अडवतो. त्यामुळे माऊली नि प्रसन्न दोन्ही बाहेरच राहिले, आणि गावदेवीच्या शेवटच्या वेलांटीचा तीनातला एकच हिस्सा तेवढा आत अडकला. त्यांचा प्रोग्राम सुरू होताच आजूबाजूच्या सगळ्या डब्यांची नावं वाचतो, त्या तुटक्या तुकड्यापाशी ठेचकाळतो आणि पडतो.

"नाव कोणी ठेवलं हे?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

इम्रानला फोन गेला. मॅडमनीच चार इंग्रजी अक्षरांचं नाव सुचवलं, ते त्याने येऊन घातलं. प्रोग्राम संध्याकाळपर्यंत एकदाही पडला नाही. महिन्याभरात गोदाम साबणाच्या खोक्यांनी आढ्यापर्यंत भरलं आणि चिमण्यांनी दुसरं घर बघितलं.

जमीन माझ्या नावावर, म्हणून करारावर अंगठा माझाच लागला. मी आनंदाने ठसठशीत उठवला. घरी आल्यावर हरेशने शेवटचं कलम वाचून दाखवलं. गोदामातल्या कुठल्याही यंत्राचं नाव मालकीणबाईंनी ठेवू नये. खाली माझाच अंगठा.