माशीच्या फोटोमागचा गट नंबर

कागद पुढं आला की आमच्याकडच्या माणसाचा हात आपोआप चालायला लागतो. नाव, गाव, तालुका केज, जिल्हा बीड, गट नंबर. पीकविमा असो, सोसायटीचं बियाणं असो की दुष्काळाचा अर्ज असो, गट नंबर नसला की कारकून कागद परत सरकवतो आणि आपला दिवस वाया जातो. इतक्या वेळा कागद परत आलेत की आता कुणी विचारलं नाही तरी आम्ही तो लिहून मोकळे होतो. मीही लिहिला. एका माशीच्या फोटोमागं लिहिला.

त्या साली पाऊस पोळ्याआधी गेला तो परत आलाच नाही. दिवाळी झाली तशा गावातल्या टोळ्या ऊस तोडायला निघाल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एकटाच माणूस गेला तर अर्धा कोयता, अशी तिकडची रीत. आमचा चौदा वर्षं पूर्ण कोयता होता. पाचटानं चिरलेले हात, डोक्यावर मोळी, झोपडीवजा कोपीत तीन दगडांची चूल, मला या सगळ्याचा वीट आला होता. मी नवऱ्याला म्हटलं, "औंदा तुमी अर्धा कोयता म्हणून जावा. मी हितं बियाण्याचा कांदा करते." आमच्या बियाणे सोसायटीनं सांगितलं होतं, ज्या बाईचं कांद्याचं बी चांगलं उतरेल तिला बियाणं निवडायच्या शेडमध्ये बारमाही काम. सावलीत बसून करायचं काम. ते मिळालं असतं तर माझ्या हातातला कोयता कायमचा सुटला असता. नवरा एवढंच म्हणाला, "पाणी?" मी म्हटलं, "हाय की आपलं." त्या पाण्याचं नाव आमच्या घरात कुणी मोठ्यानं घेत नव्हतं.

भाऊबंदांत वाटण्या झाल्या तेव्हा ओढ्याकडचा खडकाळ तुकडा आमच्या गळ्यात मारला होता. त्याच तुकड्याच्या वरच्या कोपऱ्यात, बाभळीच्या जाळीखाली एक झिरपा होता. खडकाच्या फटीतून पाणी पाझरायचं आणि खालच्या खड्ड्यात साठायचं. सकाळी जाऊन बघावं तर सात-आठ घागरी भरतील एवढं, पण कसल्याही उन्हाळ्यात ते आटत नव्हतं. सासऱ्यानं ते माझ्या नवऱ्याला दाखवलं आणि नवऱ्यानं मला. वर काट्याच्या फांद्या टाकून ठेवायच्या, घागरीवर फडकं झाकायचं, आणि कुणी विचारलं तर टँकरचं म्हणायचं, ही आमच्या घरची शिस्त. गावात पाण्यासाठी मारामार चाललेली असताना हे लपवणं चांगलं नव्हतंच. पण खोटं कशाला सांगू, मला त्याची लाज वाटली नाही.

त्या पाण्यावर मी दोन गुंठे कांदा तांब्या-तांब्यानं जगवला. माघात पांढरे गोंडे फुलले. गोंडे फुलले म्हणजे काम झालं असं नसतं. माशी बसल्याशिवाय त्यात बी धरत नाही. दुसऱ्या बायकांच्या रानात गोंडे होते पण माशी नव्हती. शिवारात फूल नाही, पाणी नाही, मग माशी थांबते कशाला? बाया मऊ फडकं घेऊन गोंडे कुरवाळत हिंडायच्या आणि स्वतःवरच हसायच्या. माझ्या रानात मात्र लिंबाच्या झुडपात फुलोरी माशीचं पोळं होतं, आणि ती फुलोरी दिवसभर गोंड्यांवरून झिरप्याकडं आणि झिरप्यावरून गोंड्यांकडं ये-जा करायची. दुपारी ओल्या खडकावर माश्या रांगेनं बसायच्या आणि पाणी ओढायच्या. त्यांची शेपटं वरखाली व्हायची ते बघत मी जेवत बसायचे. एकटीला तेवढीच सोबत होती.

माश्या का गेल्या हे लोकांना कळावं म्हणून सोसायटीनं स्पर्धा काढली. आपल्या शिवारातल्या माश्या, भुंगे, फुलपाखरं, जे कुणी फुलावर बसून बी धरायला मदत करतं त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा, केजला जाऊन तो छापून आणायचा, आणि मागं आपलं नाव-गाव लिहून सोसायटीत द्यायचा. एवढंच. कल्पना कृषी सहायकाची होती, पण ती उचलून धरली आमच्या चुलत दिरानं. तो सोसायटीचा संचालक. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता आणि त्याची आई नुकतीच गेली होती. तेव्हा आम्ही अजून ऊस तोडायला जात नव्हतो; दहावीपर्यंत तो माझ्या हातच्या भाकरी खाऊन शाळेत गेला. पुढं तो केजात राहायला गेला, मोटारसायकलवरून रान बघायला यायचा, आणि आला की आधी आमच्या दारात थांबायचा. त्याची मोसंबीची बाग आमच्या बांधाला लागूनच होती.

तोच म्हणाला, "वैनी, तुमी फोटो टाकाच. तुमच्याइतकी माशी कुणाच्या रानात न्हाई."

मी टाकला. माझ्या मोबाइलची काच तडकलेली, पण फोटो असा निघाला की छापणाऱ्यानं दोनदा विचारलं, तुम्हीच काढला का. ओल्या खडकावर सात फुलोऱ्या, एकीच्या तोंडाशी पाण्याचा थेंब, आणि मागं धुरकट पांढरे गोंडे. फोटो उलटा केला आणि हात चालला. नाव, गाव, गट नंबर. शिवाय ओढ्याच्या वरच्या अंगाला, बाभळीखाली, हेही लिहिलं, कारण पीकविम्याच्या कागदावर चारी दिशा लिहाव्या लागतात. आमच्या घरानं दोन पिढ्या जे झाकून ठेवलं ते मी शाईनं लिहून सोसायटीच्या टेबलावर ठेवलं, आणि मला त्याचं भानसुद्धा नव्हतं. मी खुशीत होते हो. फोटो चांगला आला होता ना.

आठवड्यानं दीर आला. म्हणाला, "वैनी, तुमचा फोटो पयल्या नंबरात बसतोय. पण जागा बघावी लागंल, कुणी दुसरीकडचा फोटो आणला असं म्हणायला नको." मी चहा टाकला. मग त्याला घेऊन गेले. काट्याच्या फांद्या मी माझ्या हातानं बाजूला केल्या. तो उकिडवा बसला आणि पाण्यात दोन बोटं बुडवली. माशीकडं त्यानं एकदाही बघितलं नाही, हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी त्याला कुठली माशी राखणीची, कुठली पाण्याची, हे सांगत होते. तो हूं हूं करत होता.

बक्षीस मिळालं. माश्या वाचवायच्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस होतं औषध फवारायचा पंप. बाया तोंडाला पदर लावून हसल्या, मीही हसले. दिरानंच तो माझ्या हातात दिला आणि सगळ्यांदेखत पाया पडला. माझे डोळे भरून आले. एवढा मान मला कुणी कधी दिला नव्हता.

चौथ्या दिवशी बांधापलीकडं एक पाणी शोधणारा पाणाड्या दिसला. तळहातावर नारळ आडवा धरून तो मोसंबीतून सरळ आमच्या बाभळीच्या रोखानं चालत येत होता. बांधापासून बारा पावलांवर त्याचा नारळ उभा राहिला. दीर मागं उभा होता. मी तशीच बांधावर गेले आणि म्हटलं, "भावजी, हे काय चाललंय?"

"बोअर घेतोय, वैनी."

"हितंच कावून?"

"माझ्या रानात हाय," तो म्हणाला. "मोसंबी जळत चाललीय. लेकरासारखी वाढवलीय मी ती बाग."

"आन माझं काय?"

तो खाली बघत म्हणाला, "तुमच्या हद्दीत एक पाऊल टाकलं असंल तर सांगा."

टाकलं नव्हतंच. तेच तर. दुसऱ्या दिवशी भर दुपारी गाडी आली, मशिनचा आवाज सुरू झाला आणि पांढरी भुकटी उडून माझ्या गोंड्यांवर बसली. संध्याकाळी पाणी लागलं. त्याच्या माणसांनी पेढे वाटले. मला कुणीतरी आणून दिला, तो मी कुंपणावर ठेवला आणि घरी आले.

झिरपा पाच दिवस टिकला. आधी खड्डा अर्धा भरायचा, मग तळाला चिखल, मग नुसता ओला खडक. माश्या त्या ओलीवर गर्दी करायच्या. सहाव्या दिवशी खडक कोरडा पडला. बी भरायचे तेच दिवस होते. मी टँकरच्या रांगेत उभी राहिले, पण तिथं प्यायला घागर मिळायची मारामार, कांद्याला कोण देतो. गोंडे वाळले. हातात चोळून फुंकर मारली की सगळं उडून जायचं, तळहातावर काही राहायचं नाही. एक दिवस लिंबाच्या झुडपातलं पोळंही रिकामं दिसलं.

नवऱ्याला फडात फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांनी गट नंबर मागितला व्हता का?" मी म्हटलं, "न्हाई." मग त्यानं फोन ठेवून दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चुलीपुढं बसून रडले, आणि रडताना मला दिराच्या शाळेच्या डब्यातल्या भाकरी आठवत होत्या. परक्यानं केलं असतं तर मी बांधावर उभी राहून त्याच्या सात पिढ्यांची अब्रू काढली असती. हा केसानं गळा कापून पुन्हा वैनी म्हणत होता.

पुढल्या दिवाळीला आमचा पुन्हा पूर्ण कोयता झाला.

त्या साली ऊसच नव्हता म्हणून कारखान्याचा हंगाम लवकर आटोपला आणि माघ संपायच्या आत आम्ही परत आलो. युसूफ वडगावच्या बाजारात बायकांनी सांगितलं की माश्यांच्या फोटोची स्पर्धा औंदाही आहे. मी फोटो द्यायचा नाही असं ठरवलं होतं, पण सोसायटीत दुसऱ्या कामाला गेले तेव्हा टेबलावर फॉर्म दिसले. यंदा छापील होते. नाव, गाव, आणि खाली चौकट आखलेली: गट नंबर व जागेच्या चारी दिशा.

मी कारकुनाला विचारलं, "हे कुणी घातलं?"

"मागल्या साली एका बाईनं स्वतःहून लिव्हलं व्हतं," तो म्हणाला. "संचालक म्हणले, ते लई चांगलं हाय, छापूनच टाका."

संचालक तिथंच होता. खिडकीखालच्या खुर्चीत बसून रजिस्टर बघत होता. मी आल्याचं त्याला कळलं होतं, पण मान वर केली नव्हती. माझ्या शेजारी एक पोरसवदा सून फॉर्म भरत होती. तिचा फोटो मी बघितला. चिखलाच्या कडेला आग्या माशी पाणी पीत होती. तिनं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि पेन चौकटीवर नेलं. मी तिचा हात धरला.

"तेवढं लिवू नको."

"कावून, मावशी? कागद परत येईल की."

"येऊ दे परत," मी म्हटलं. "मागल्या साली ते मी लिव्हलं. फोटोत माशी पाण्यावर बसली व्हती. हितल्या एकानं माशी न्हाई बघितली, पाणी बघितलं. माझ्या बांधापासून बारा पावलांवर बोअर पाडला. माझं बी गेलं, माशी गेली, आन मी पुन्हा ऊस तोडून आले." आवाज चढवला नाही. खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं तेवढं पुरे होतं.

त्या पोरीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग खिडकीखालच्या खुर्चीकडं, आणि चौकटीवर अशी रेघ मारली की कागद फाटला. तिच्या मागच्या दोघींनी पेनं खाली ठेवली.

दिरानं रजिस्टर मिटलं. हळू आवाजात म्हणाला, "वैनी, पाणी माझ्याच रानात लागलं. मी काय चोरी केली न्हाई."

"न्हाई केली," मी म्हटलं. "काटे मीच बाजूला केले व्हते."

त्यानं कारकुनाला चहा सांगायला सांगितलं. मी तो घेतला नाही. त्या पोरीचा फोटो तिच्या पिशवीत नीट ठेवून दिला आणि तिला घेऊन बाहेर आले.