तिसरा आणि चौथा पोर्ट

मी तशी कुणावर पटकन विश्वास टाकणारी बाई नाही. वांगं घेताना चारही बाजूंनी बघते, रिक्षात बसायच्या आधी भाडं ठरवते. पण चेन्नईत आल्यावर एका माणसावर मी डोळे मिटून विश्वास टाकला, आणि त्याचं कारण एवढंच की तो मराठी बोलायचा. आता लिहितानाही राग येतो. थोडा त्याचा, पुष्कळसा माझा.

अण्णा नगरमधल्या एका लहान कंपनीत मी प्रोबेशनवर होते. कारखान्यांना लागणारी इलेक्ट्रॉनिक खोकी आम्ही बनवायचो. श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्याला तपासणीच्या टेबलासाठी असंच एक खोकं हवं होतं. टेबलावर चार यंत्रं होती: वजनकाटा, बारकोड वाचणारं यंत्र, जाडी मोजणारा गेज आणि लेबल छापणारा प्रिंटर. चारही जुनी, आणि सिरियल पोर्टाशिवाय, म्हणजे तार जोडायच्या जुन्या पद्धतीच्या खाचेशिवाय, दुसऱ्या कशातून बोलणार नाहीत अशी हट्टी. म्हणून चार सिरियल पोर्ट असलेला तयार बोर्ड शोधायचा होता, आणि तोही स्वस्त. साहेब म्हणाले, "बोर्ड तू निवड. कारखान्यात खोकं चाललं की कायम केल्याचं पत्र हातात देतो."

त्या पत्रावर माझं सगळं अडलं होतं. कराडला वडिलांनी पॉलिटेक्निकमध्ये माझ्यासाठी शिकवायची जागा बघून ठेवली होती. पत्र मिळालं तर मी चेन्नईत राहणार, नाही मिळालं तर वाद न घालता परत जाणार, असं आमचं ठरलं होतं. मला परत जायचं नव्हतं.

आता त्या माणसाबद्दल. हार्डवेअरचं काम आम्ही दोघंच करायचो, तो आणि मी. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठा. पहिल्याच आठवड्यात मी आईशी फोनवर बोलत होते, तर मागच्या टेबलावरून आवाज आला, "कोणच्या गांवची तूं?" मी वळून बघितलं तर कपाळावर नाम लावलेला, चक्क तमिळ दिसणारा माणूस हातात सोल्डरची तार घेऊन हसत होता. त्याचे पूर्वज पिढ्यांमागे तंजावरला स्थायिक झालेले मराठी. घर आता इथेच चेन्नईत, तिरुवल्लिकेणीत. मी त्याला अण्णा म्हणू लागले. तमिळमध्येही तेच म्हणायचं, मराठीतही तेच, त्यामुळे सोय झाली.

अण्णांना मराठी लिहिता यायचं, पण तमिळ अक्षरांत. त्यांच्या वहीत, डब्यांवर, तारांना चिकटवलेल्या कागदी पट्ट्यांवर सगळीकडे तमिळ लिपीतली मराठी. ऑफिसातल्या इतरांना अक्षरं वाचता यायची पण अर्थ लागायचा नाही. मला अर्थ लागला असता, पण अक्षरं येत नव्हती. बसच्या पाट्या वाचत वाचत मी ती शिकू लागले तेव्हा अण्णा खूश झाले. "आतां आपण दोघेंच," म्हणाले.

रिची स्ट्रीटच्या दुकानांत फिरून मी तीन बोर्ड बघितले. एकावर दोनच पोर्ट होते. एकावर चार होते, पण किंमत ऐकून साहेबांनी हात वर केले असते. तिसरा स्वस्त होता, आणि त्याच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत चार पोर्ट लिहिले होते. मी तो घेऊन आले आणि अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरला.

"बरा आहे," ते म्हणाले. "घे हाच."

पोर्ट तपासायची आमच्याकडे एक पद्धत होती. पोर्टाची पाठवणारी पिन आणि घेणारी पिन एका छोट्या तारेने जोडायची, काही अक्षरं पाठवायची. तीच परत आली की पोर्ट चांगला. तार एकच. ती पहिल्या पोर्टावरून काढायची, दुसऱ्यावर लावायची, मग तिसऱ्यावर, मग चौथ्यावर. मला ही पद्धत अण्णांनीच शिकवली होती. चारही पोर्ट पास झाले. तपासणीच्या कागदावर एरवी दोघांच्या सह्या असायच्या. त्या दिवशी मी कागद पुढे केला तर अण्णांनी हात मागे घेतला.

"तूं एकटीच कर मा. नांव तुझें होऊं दे."

तमिळमध्ये पोरीबाळींना मायेने 'मा' म्हणतात. मला भरून आलं. संध्याकाळी आईला सांगितलं, इथे मला मोठा भाऊ मिळालाय म्हणून. आई म्हणाली, त्याला एकदा घरी घेऊन ये.

महिनाभराने आम्ही खोकं घेऊन श्रीपेरुंबुदूरला गेलो. साहेब होते, अण्णा होते, कारखान्याचे दोन अधिकारी होते. वजनकाट्याने वजन दिलं, बारकोड वाचला गेला, गेजने जाडी सांगितली. प्रिंटरला लेबल छापायला सांगितलं आणि गेज मुका झाला. गेज परत सुरू केला तर प्रिंटर अर्ध्या लेबलावर थांबला. तासभर मी तेच करत होते. अधिकाऱ्यांपैकी एक जण चहा घ्यायला निघून गेला तो आलाच नाही.

कारण नंतर सापडलं. बोर्डाचा तिसरा आणि चौथा पोर्ट आतून एकाच जोडणीवर होते. एका नळाला दोन तोट्या बसवाव्यात तसं. एक सोडली की दुसरी कोरडी. मूळ चिपच्या जाडजूड दस्तऐवजात, पार शेवटाकडे, बारीक अक्षरांत हे लिहिलेलं होतं. मी तिथवर वाचलं नव्हतं. ती चूक माझी, आणि ती मी तेव्हाही कबूल केली.

पण परतल्यावर साहेबांच्या खोलीत अण्णा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता इंग्रजीत म्हणाले, की चारही पोर्ट एकदम चालवून बघ असं त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं.

त्यांनी असं एकदाही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, घाबरून बोलून गेले असतील. दोन दिवस मी त्यांची वाट बघितली, की येतील, काहीतरी सांगतील. ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी तार शोधायला मी सामानाच्या कपाटातला खालचा खण उघडला, आणि तिथे त्याच बनावटीचा एक बोर्ड होता. माझा नव्हे, जुना, पिनांवर सोल्डरचे डाग पडलेला. त्यावर कागदी पट्टी, पट्टीवर अण्णांचं अक्षर. मी एकेक अक्षर लावत वाचलं: तीन-चार एकदम चालत नाहींत.

म्हणजे त्यांना माहीत होतं. बोर्ड उजेडाकडे धरून बघितला तेव्हाही माहीत होतं. एक तार घेऊन एकेक पोर्ट तपासायला मला बसवलं तेव्हाही, आणि सहीला हात मागे घेतला तेव्हा तर होतंच. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. त्यांनी ती पट्टी लपवलीसुद्धा नव्हती. कोण वाचणार होतं?

मी बोर्ड घेऊन तडक साहेबांकडे गेले. साहेबांनी चष्मा चढवला आणि पट्टी मोठ्याने वाचली. एकेक अक्षर बरोबर, अर्थ शून्य. त्यांनी अण्णांना बोलावलं आणि विचारलं, हे काय लिहिलंय.

अण्णांनी पट्टी बघितली. मग माझ्याकडे बघितलं, प्रथमच. आणि तमिळमध्ये शांतपणे सांगितलं, "घरी लागणाऱ्या सामानाची यादी आहे सर. हाताशी दुसरा कागद नव्हता."

मी म्हटलं, हे खोटं आहे. साहेब म्हणाले, भाषा त्याची, अक्षर त्याचं, तू काल अक्षरं शिकलीस. तिसरं मराठी माणूस त्या इमारतीत नव्हतं. माझ्या स्वतःच्या भाषेतलं वाक्य माझ्या डोळ्यांदेखत चोरलं गेलं आणि साक्षीला कुणी नाही. तो अपमान पत्र न मिळण्याहून मोठा होता, असं मी पुष्कळ दिवस म्हणायचे. खरं तर दोन्ही सारखंच लागलं.

पत्र मिळालं नाही. महिन्याची मुदत मिळाली. त्या महिन्यात मी अण्णांशी जे काही बोलले ते तमिळमध्ये, मोडक्यातोडक्या. सोल्डरची तार हवी असली तरी तमिळमध्ये.

शेवटच्या दिवशी ते जिन्यापाशी उभे होते.

"साहेब दोघांतल्या एकालाच ठेवणार होते," ते म्हणाले. "मला आधींच सांगून ठेवलें होतें. मला दोन पोरी आहेत मा."

मी पिशवी खांद्यावर घेतली.

"शिव्या दे पाहिजे तर. पण मराठींत दे. आई गेल्यापासून घरांत कोणीं बोलत नाहींत. पोरींना येत नाहीं. तूंच होतीस."

खरं सांगते, क्षणभर मला त्यांची दया आली. तिचाही नंतर मला राग आला. घरातून निघताना 'येते' म्हणायचं, ही रीत आपल्याकडे आहे तशी तमिळमध्येही आहे. ते दोन्हीकडचे होते, त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. मराठीतच बोल म्हणाले, म्हणून मी मराठीत बोलले.

"जाते," मी म्हटलं, आणि जिना उतरले.