शकुअक्काचे बाण

सकाळच्या तासाला फळ्याकडे वळतच होते, तेवढ्यात गावाकडून, कमठाण्याहून, भावाचा फोन आला. "शकुअक्का गेली गं... हार्ट अटॅक." समोर वर्ग भरलेला. मी खडू ठेवला आणि खुर्चीवर बसले. त्याला दीड महिना झाला.

अक्का आमच्या शेजारची, बिदरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. मीही तिथंच पीयूसीला, म्हणजे अकरावीला गेले. दहावीपर्यंत मराठी, पुढं एकदम इंग्रजी. काही कळेना म्हणून सूत्रं पाठ केली. प्रश्नातली पेटी टेबलावर ठेवलेली असो की दोरीनं वर ओढलेली, नॉर्मल फोर्स म्हणजे वजनच, असं ठोकून द्यायचे. पहिल्याच चाचणीत नापास झाले. "सायन्स सोड, आर्ट्सला जा," अप्पा म्हणाले. मी हो म्हणून बसले होते.

त्या रविवारी अक्का आमच्या धान्याच्या दुकानात आली आणि मला पोत्यांच्या वजनकाट्यावर उभं केलं. बेचाळीस किलो. "आता वरची कडी धर, जरा लटक." काटा तिसावर आला.

"वजन कमी झालं का तुझं?"

"न्हाई."

"मग काटा कमी कामून दाखवायलाय?"

तिनं फरशीवर खडूनं चौकोन काढला. "ही तू. एकटीच. काटा न्हाई, कडी न्हाई, दुकान न्हाई. आता सांग, तुला कोण ओढायलंय, कोण ढकलायलंय?" खाली एक बाण, पृथ्वीचा. वर दोन, कडीचा आणि काट्याचा. बारा किलोंचा भार कडीनं घेतला, काट्याला तीसचाच उरला. काट्याचं ते वर रेटणं, तोच नॉर्मल फोर्स. अप्पा गिऱ्हाईक सोडून बघत उभे होते. आर्ट्सचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पुढच्या चाचणीत माझी उत्तरं बरोबर आली, पण बाणांची चित्रं काढली नव्हती. अक्कानं त्या प्रश्नांना शून्य दिलं. आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी तीच म्हणाली, "उत्तर पाठही करता येतंय गं. कोण कशाला टेकलंय, ते बघावंच लागतंय." तेव्हा राग गेला नाही. आज मीही फिजिक्सच शिकवते, आणि चित्र नसेल तर गुण देत नाही.

मागच्या आठवड्यात तिच्या खोलीत गेले. टेबलावर तिची तासाची वही. प्रत्येक प्रश्नाखाली चित्रासाठी अर्धं पान सोडायची तिची सवय... शेवटच्या पानावर गुळगुळीत उतारावरच्या पोत्याचा प्रश्न, आणि खाली अर्धं पान कोरं. तिची आई शेजारी येऊन उभी राहिली. "राहिलंय वाटतं. तू काढ की गं."

मी चौकोन काढला. एक बाण सरळ खाली. दुसरा उताराला काटकोनात, वर.

"ह्यो कुणाचा?"

"जमिनीचा, अम्मा. ती खाली खचू देत न्हाई."